स्पार्क्स: माहितीपट पाहून झाला, आता 25 अल्बमांत शिरायचं कुठून?

नवखा_कान

एडगर राइटचा 'द स्पार्क्स ब्रदर्स' हा 2021 चा माहितीपट बघून झाला. 2 तास 20 मिनिटांचा आहे, पण रेंगाळत नाही. 'स्पार्क्स' या अमेरिकन बँडचे रॉन (लिहिणारा, कीबोर्ड वाजवणारा) आणि रसेल (गाणारा) मेल हे दोघे भाऊ 1971 पासून अल्बम काढतायत, किती वेळा वर गेले, किती वेळा आपटले, सगळं क्रमाने येतं. अडचण नेमकी तिथेच आहे. अल्बमचं कव्हर दिसतं, दोन-चार नामवंत तारीफ करतात, गाण्याचा तुकडा वाजतो, की लगेच पुढचा अल्बम. कोणता खरंच थोर आणि कोणता नुसती हजेरी लावून गेला, हे शेवटपर्यंत कळत नाही.

जाणकारांना तीन प्रश्न:

ऐकायची सुरुवात कुठून करावी? 'किमोनो माय हाउस' सगळेच सांगतात, पण रसेलचा टिपेचा आवाज सलग 10 गाणी कानाला जड जातो.

स्ट्रीमिंगवर 'धिस टाउन एन्ट बिग इनफ फॉर बोथ ऑफ अस' शोधलं की एकाच नावाची बरीच रूपं समोर येतात. मूळ कोणतं?

आणि 'लिल बेथोवन'ला एवढं डोक्यावर का घेतात? वरवर ऐकलं तर एकेक ओळ शंभरदा घोळवलेली वाटते.

आडताल

पहिल्या अल्बमपासून क्रमाने जाऊ नका. माहितीपटाला तो क्रम शोभतो, कानाला नाही. 'हाफनेल्सन' (1971) आणि 'अ वूफर इन ट्वीटर्स क्लोदिंग' हे पहिले दोन मजेदार आहेत, पण ते स्वतःला शोधणाऱ्या बँडचे आहेत. तिथे दमलात तर पुढचं सगळंच राहील.

माझ्या मते चार अल्बम, तेही या क्रमाने: 'अँगस्ट इन माय पँट्स' (1982), 'नंबर वन इन हेवन' (1979), 'किमोनो माय हाउस' (1974), 'लिल बेथोवन' (2002). चारही मिळून अडीच तासांच्या आसपास होतात, म्हणजे माहितीपटापेक्षा जेमतेम जास्त. हे चार जणू चार वेगळ्या बँडचे अल्बम आहेत, फक्त लिहिणारा आणि गाणारा तोच.

'अँगस्ट' आधी का, तर तुमची आवाजाची तक्रार. 1982 पर्यंत रसेल बराचसा मधल्या पट्टीत गायला लागला होता आणि टिपेला फक्त गरज पडली की जातो. मागे नेहमीचा रॉक बँड आहे: लेस्ली बोहेमचा बेस, डेव्हिड केंड्रिकचे ड्रम, बॉब हागचं गिटार. हीच मंडळी 'बेट्स मोटेल' या नावाने ओळखली जायची. शीर्षकगीत, 'आय प्रेडिक्ट', 'शेरलॉक होम्स' आणि 'मस्टाश' ही चार गाणी जमली तर रॉनची लिहिण्याची तऱ्हा कळली असं समजा. कव्हरवर रॉन नवरी आणि रसेल नवरा आहे, तेव्हा मिशा असलेली नवरी पाहून दचकू नका.

आता टिपेच्या आवाजाचं कारण. रॉन पियानोवर बसून चाल बांधायचा आणि गायकाची पट्टी विचारात घ्यायचा नाही. 'धिस टाउन' 'ए' या पट्टीत लिहिलं गेलं, म्हणून ते 'ए'मध्येच गायचं ठरलं. रसेलला तिथवर चढावं लागलं. साधारणपणे पट्टी गळ्याच्या सोयीने खाली आणली जाते, ती इथे आणली नाही. म्हणून त्या गाण्यात एक ताणलेपण आहे, गायक कड्याच्या टोकावर उभा असल्यासारखं. ते ताणलेपण काढलं तर गाणं सपाट होईल.

'किमोनो'ला आलात की पहिल्या वेळी आवाजाकडे दुर्लक्ष करून मार्टिन गॉर्डनचा बेस ऐका. रिकनबॅकर कंपनीचा आहे, टोकदार आवाजाचा, आणि मिक्समध्ये चांगला पुढे. एड्रियन फिशरचं गिटार आणि डिंकी डायमंडचे ड्रम त्याला धरून चालतात. रॉनची मूळ चाल पियानोची, नाटकी वळणाची. तिच्याखाली निर्माता मफ विनवुडने दणकट रॉक बँड बसवला. या दोन गोष्टी एकमेकींत नीट मिसळत नाहीत, आणि न मिसळणं हीच या अल्बमची करामत आहे. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवून ऐका. शब्द न वाचता 'किमोनो' ऐकणं म्हणजे नाटक भिंतीपलीकडून ऐकणं.

रेकॉर्डची_खरखर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण नवीन माणूस बहुतेक वेळा इथेच फसतो.

'धिस टाउन'चं मूळ रूप 1974 चं, 'किमोनो माय हाउस'मधलं पहिलं गाणं, 3 मिनिटांच्या आसपासचं. बंदुकीच्या गोळीचा आवाज त्यातच आहे. 1997 मध्ये या दोघांनी 'प्लेजरिझम' नावाचा अल्बम काढला आणि आपलीच जुनी गाणी नव्याने केली. त्यात हे गाणं दोनदा आहे: एकदा वाद्यवृंदाच्या साथीने, एकदा फेथ नो मोअर या बँडबरोबर. शिवाय 2013 च्या 'टू हँड्स, वन माउथ' या थेट मुद्रणात फक्त रॉनचा कीबोर्ड आणि रसेलचा गळा आहे (दोन हात त्याचे, एक तोंड याचं). नावावर जाऊ नका, अल्बमचं नाव आणि साल बघा. 'अमॅच्युअर अवर' इरेझर या जोडीबरोबर ऐकू आलं किंवा 'द नंबर वन साँग इन हेवन'मध्ये जिमी समरव्हिलचा आवाज आला, तर तुम्ही 'प्लेजरिझम'वर आहात. तो अल्बम वाईट नाही, निर्माता टोनी व्हिस्कोंटीची वाद्यवृंदाची मांडणी ऐकण्यासारखी आहे. पण मूळ पाठ झाल्यावरच त्याची गंमत कळते.

आणखी काही खाचखळगे:

'हाफनेल्सन' आणि 'स्पार्क्स' हे पहिल्या काळातले दोन अल्बम नव्हेत. एकच अल्बम आहे, टॉड रंडग्रेनने निर्मिलेला. 1971 मध्ये तो 'हाफनेल्सन' नावाने आला, विकला गेला नाही, मग बँडचं नाव बदलून 1972 मध्ये नवं कव्हर घालून पुन्हा काढला. रेकॉर्ड कंपनीच्या अल्बर्ट ग्रॉसमनने मार्क्स ब्रदर्सच्या चालीवर 'स्पार्क्स ब्रदर्स' सुचवलं होतं. भावांना ते पसंत पडलं नाही, अर्ध्यावर तडजोड झाली. माहितीपटाचं नाव म्हणजे त्या नाकारलेल्या नावाची टोपी 50 वर्षांनी पुन्हा डोक्यावर ठेवणं आहे.

'द नंबर वन साँग इन हेवन' सिंगलच्या कापलेल्या रूपात ऐकू नका. अल्बमवरचं गाणं साडेसात मिनिटांच्या आसपास आहे आणि त्याचे दोन भाग आहेत: आधी संथ, तरंगणारा, मग अचानक वेग पकडणारा. पहिला भाग छाटला की दुसऱ्याच्या वेगाला काही किंमत उरत नाही.

'प्रोपगंडा' (1974) लावण्याआधी ॲपमधलं क्रॉसफेड (एक गाणं विरताना त्यावरच पुढचं सुरू करणारी सोय) शून्यावर आणा आणि शफल बंद करा. शीर्षकगीत अर्ध्या मिनिटाचंही नाही, त्यात एकही वाद्य नाही, फक्त रसेलच्या आवाजाचे थरावर थर. ते संपतं तिथेच 'ॲट होम, ॲट वर्क, ॲट प्ले' आदळतं. क्रॉसफेड चालू असेल तर नेमका तो सांधा पुसला जातो.

'इंट्रोड्यूसिंग स्पार्क्स' (1977) कितीतरी वर्षं सीडीवर मिळत नव्हता, 2007 मध्ये भावांच्या स्वतःच्या लेबलने तो काढला. त्यामुळे जुन्या याद्यांत तो गाळलेला दिसतो. गाळला म्हणून टाकाऊ, असा अर्थ काढू नका. आणि 'इंटिरिअर डिझाइन' (1988) वेगवेगळ्या नावांनी, कव्हरांनी इतक्यांदा बाजारात आलाय की 'हा नवीनच अल्बम सापडला' असं वाटू शकतं. गाण्यांची यादी ताडून बघा.

दुसरी_बाजू

माहितीपटाबद्दल धागाकर्त्याची तक्रार रास्त आहे आणि ती सौम्य शब्दांत मांडली आहे. राइटचा हा सिनेमा चाहत्याचा आहे, अभ्यासकाचा नाही. सगळ्या अल्बमांना जवळपास सारखा मान देण्याच्या नादात चढ-उतार गुळगुळीत झाले. 'बिग बीट' (1976) आणि 'किमोनो' शेजारी शेजारी ठेवून ऐका. 'बिग बीट'मध्ये निर्माते रुपर्ट होम्स आणि जेफ्री लेसर यांनी आवाज अमेरिकन रॉकसारखा सरळसोट केला, गिटार जाड झालं आणि रॉनचे कीबोर्ड मागे ढकलले गेले. म्हणजे जे वेगळेपण होतं तेच झाकलं. हे कारण सिनेमात नीट यायला हवं होतं. तिथे आपल्याला 'लोकांनी त्यांना समजून घेतलं नाही' एवढंच मिळतं. कधी कधी लोकांचंही बरोबर असतं.

दुसरं, बेक, फ्ली, ड्युरान ड्युरानवाले, न्यू ऑर्डरवाले एकामागून एक कृष्णधवल चौकटीत बसून 'ग्रेट' म्हणतात. ग्रेट का, हे सांगणारे थोडे. व्हिस्कोंटी आणि 'नंबर वन इन हेवन'चा डिस्कोवाला निर्माता मोरोडर दोघेही हाताशी असताना त्यांना एखादं गाणं उलगडून दाखवायला लावलं असतं तर 10 नामवंत कमी चालले असते.

खासगी आयुष्याचा पडदा त्यांनी उघडला नाही, याबद्दल मात्र तक्रार नाही. तो पडदाच या जोडीचं अर्धं भांडवल आहे.

कानसेन

दुसरी_बाजू, 'बिग बीट'बद्दल सहमत, माहितीपटाबद्दल नाही. सगळ्या अल्बमांना जागा देणं हाच त्या सिनेमाचा युक्तिवाद आहे. या जोडीबद्दलचे लेख 1974, 1979 आणि 1994 अशा तीन उड्या मारून संपतात आणि मधली वर्षं गायब. सिनेमा दाखवतो की हिट नसतानाही काम थांबलं नव्हतं. 1988 ते 1994 या काळात एकही अल्बम नाही. ते जपानी मांगावर (चित्रकथेवर) आधारलेल्या संगीत-सिनेमाच्या मागे होते, टिम बर्टनचं नाव त्याला जोडलं गेलं होतं आणि सगळं पाण्यात गेलं. त्याआधी सत्तरच्या दशकात जाक ताती यांच्याबरोबरचा 'कन्फ्यूजन' असाच बारगळला होता, त्याची खूण म्हणून 'बिग बीट'वर त्या नावाचं गाणं तेवढं उरलं. हे दोन अपयश ठाऊक असल्याशिवाय 'ॲनेट' हा सिनेमा कान महोत्सवात जुलै 2021 मध्ये उद्घाटनाला लागला आणि लिओस कॅरॅक्सला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, याचं वजन कळणार नाही. त्या सिनेमाची गोष्ट आणि गाणी दोन्ही मेल बंधूंची आहेत.

गाणी उलगडून दाखवायला हवी होती, हे मात्र शंभर टक्के मान्य. तर 'नंबर वन इन हेवन' इथेच उलगडू.

1979 मध्ये रॉक ऐकणाऱ्यांत डिस्को ही शिवी होती. अशा वेळी एका रॉक बँडने गिटार काढून टाकलं आणि जॉर्जिओ मोरोडरकडे गेला. अल्बमवर फक्त 6 गाणी आहेत, एकूण 34 मिनिटांच्या आसपास. खाली सिक्वेन्सरवर (ठरवलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर) फिरणारी बेसची साखळी आहे. ती यंत्राची आहे, म्हणून तसूभर हलत नाही. पण ड्रम खरे आहेत, कीथ फोर्सीने वाजवलेले. म्हणून ठेका काटेकोर असूनही मेल्यासारखा वाटत नाही. साध्या हेडफोनवर ही बेसची साखळी आणि बेस ड्रम एकमेकांत चिकटून एक गुरगुर होते, मग लोक म्हणतात 'सगळी गाणी सारखी'. बेस वाढवू नका, उलट थोडा कमी करा, म्हणजे दोन्ही वेगळे ऐकू येतील.

वर रसेल तोच टिपेचा गळा घेऊन उभा आहे. 'किमोनो'त तो बँडशी झगडत होता, इथे झगडायला कुणी नाही, म्हणून तो तरंगतो. नवखा_कान, 'किमोनो' जड गेला त्यांनाही हा अल्बम झेपतो, त्याचं कारण हेच. 'बीट द क्लॉक' ब्रिटनमध्ये 10 व्या क्रमांकापर्यंत गेलं, शीर्षकगीत 14 व्या. पुढे सिंथेसायझरवर उभ्या राहिलेल्या ब्रिटिश जोड्या बघा: एक जण गातो, हलतो, दुसरा कीबोर्डमागे मख्ख उभा. तो साचा इथला आहे.

त्याच्या पाठोपाठचा 'टर्मिनल जाइव्ह' (1980) लगेच लावू नका. गिटार परत आलं, धार गेली. 'व्हेन आय अ‍ॅम विथ यू' फ्रान्समध्ये गाजलं हे खरं, पण अल्बम भरायला तेच गाणं शब्दांशिवाय पुन्हा टाकावं लागलं, यावरून काय ते समजा.

वूफरट्वीटर

'इनडिस्क्रीट'चं (1975) नाव अजून कुणीच घेतलं नाही? व्हिस्कोंटीने केलेला, ब्रिटनमध्ये 18 व्या क्रमांकावर थबकलेला, आणि माझ्या लेखी सत्तरच्या दशकातला सगळ्यात धाडसी. 'गेट इन द स्विंग'ला मिरवणुकीतल्या बँडची वाद्यं, 'अंडर द टेबल विथ हर'ला नुसती तंतुवाद्यं, 'लुक्स, लुक्स, लुक्स'ला 1940 च्या धाटणीचा बिग बँड. रॉक बँडचा अल्बम म्हणून घेतला तर विस्कळीत वाटतो, आणि बहुतेकांनी तो तसाच घेतला. तेरा छोटी नाटकं म्हणून ऐका. तेरा एकदम नकोत, दोन बैठका करा.

दुसरं, यांना 'विनोदी बँड' म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी. रॉनच्या गाण्यात विनोद सांगणाऱ्याचा नसतो, बोलणाऱ्या पात्राचा असतो, आणि त्या पात्राला आपण विनोदी आहोत याचा पत्ताही नसतो. 'हिअर इन हेवन'मधला रोमिओ स्वर्गात पोचलाय आणि ज्युलिएट अजून का आली नाही याचा विचार करतोय. 'टॅलेंट इज ॲन ॲसेट'मध्ये छोट्या आइनस्टाइनला जपणारे घरचे लोक बोलतात. 'बाँ व्हॉयाज'मध्ये नोहाच्या तारवात जागा न मिळालेले प्राणी निरोप देतात. 'गर्ल फ्रॉम जर्मनी'मध्ये आईवडिलांना युद्ध विसरता येत नाही आणि मुलगा जर्मन मैत्रीण घरी घेऊन आलाय. शेवटची दोन ऐकून हसू येत असेल तर ते पटकन विरतंही.

म्हणून गाणं सुरू झालं की आधी एकच गोष्ट शोधा: बोलतंय कोण? ते सापडलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

नावांतले श्लेषही सोडू नका. 'किमोनो माय हाउस' हा 1951 च्या 'कम ऑन-अ माय हाउस' या गाजलेल्या गाण्याच्या मुखड्यावरचा श्लेष आहे. 'वूफर इन ट्वीटर्स क्लोदिंग' म्हणजे मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा, फक्त लांडग्याच्या जागी स्पीकरचा मोठा शंकू आणि मेंढीच्या जागी छोटा. 'ग्रॅट्युइटस सॅक्स अँड सेन्सलेस व्हायोलिन्स' (1994) हे उगाचचा शृंगार आणि बिनडोक हिंसा या ठरीव शब्दजोडीवर सॅक्सोफोन आणि व्हायोलिन चिकटवून केलंय.

नवखा_कान

हे भलतंच उपयोगी आहे. 'अँगस्ट' आणि 'नंबर वन' झाले, दोन्ही जमले. आवाजाची पट्टी आणि पात्र शोधणं, हे दोन मुद्दे धरल्यावर 'किमोनो'ही सुटतोय. पण 'लिल बेथोवन' अजून बंदच आहे. 'माय बेबीज टेकिंग मी होम'मध्ये त्या एका ओळीपलीकडे आहे तरी काय?

आडताल

आहे ते ओळीत नाही, ओळीखाली आहे. ख्यालात मुखडा परत परत येतो तेव्हा आपण 'तेच तेच' म्हणत नाही, कारण दर वेळी सोबत नवं काहीतरी येतं. इथे तोच न्याय लावा. ओळ तशीच राहते, शंभराहून जास्त वेळा येते, आणि तिच्याखाली थर चढत जातात. मध्ये थोडंसं नुसतं बोलणं आहे. ते येऊन गेल्यावर तीच ओळ वेगळी ऐकू येते, कारण आता तुम्हाला ती रात्र दिसलेली असते. शेवटाकडे ड्रम येतात, तोवर धीर धरा. मध्येच पुढे सरकवलं तर हिशेब चुकलाच.

अल्बमची किल्ली पहिल्याच गाण्यात आहे. 'द रिदम थीफ' म्हणजे ठेक्याचा चोर. तो जाहीर करतो की ठेका घेऊन चाललो, आणि खरंच पुढच्या बऱ्याच भागात ड्रम नाहीत. तीस वर्षं पॉप करणाऱ्या माणसांनी पॉपचा पायाच काढून घेतला. मग वेग कशाने येतो? तंतुवाद्यांच्या छोट्या, तुटक आवर्तनांनी आणि रसेलच्या एकावर एक चढवलेल्या आवाजांनी. ही तंतुवाद्यं बहुतांशी रॉनच्या कीबोर्डवरची आहेत. म्हणून ती खऱ्या वाद्यवृंदासारखी श्वास घेत नाहीत, ताठ वाजतात. हा दोष वाटत असेल तर 'युअर कॉल्स व्हेरी इम्पॉर्टंट टू अस. प्लीज होल्ड.' ऐका. फोनवर ताटकळत ठेवणाऱ्या यंत्राबद्दलचं गाणं आहे. तिथे तो ताठपणा हाच आशय आहे.

या अल्बमवर माणसं अडकतात त्याची दोन कारणं. एक, तो काम करता करता मागे लावतात. तसा लावला तर पुनरावृत्ती डोकं उठवते, कारण बदल बारीक आहेत आणि ते कानाआड जातात. दोन, एखादंच गाणं यादीत टाकतात. 9 गाणी आहेत, चाळिशीच्या आसपास मिनिटं, ओळीनेच ऐकायची. 'अग्ली गाइज विथ ब्यूटिफुल गर्ल्स'मध्ये जाड गिटार अचानक कोसळतं. त्याचा धक्का आधीची सात गाणी जवळपास गिटारविना काढल्यावरच बसतो. आणि त्या आदळआपटीनंतर 'सबर्बन होमबॉय' रंगमंचावरच्या हसऱ्या गाण्यासारखं येतं, रॅपरचा आव आणणाऱ्या उपनगरी पोराबद्दल. हे दोन अदलाबदल करून बघा, अल्बमचा शेवटच होत नाही.

दुसरी_बाजू

'लिल बेथोवन' मोठा आहे, पण त्याची सवय त्यांना लागली हेही लिहा. 'हॅलो यंग लव्हर्स' (2006) त्याच साच्यात आहे. 'डिक अराउंड' जबरदस्त, थर लावण्याचं तंत्र तिथे कळसाला जातं आणि गिटारही परततं. अमेरिकन राष्ट्रगीताचे सुरुवातीचे शब्द उचलून केलेलं परक्या देशात घुसण्याचं गाणंही टोचणारं आहे. पण उरलेल्या काही गाण्यांत एक ओळ घ्या, चाळीसदा म्हणा, वर तंतुवाद्यं ठेवा, झालं. 'हिप्पोपोटेमस' (2017) मध्ये ते साध्या, छोट्या गाण्याकडे वळले तेव्हा हायसं वाटलं. तिथेही शीर्षकगीत खेळच आहे: पोहण्याच्या तलावात एकेक विचित्र वस्तू सापडत जाते आणि प्रत्येकीचं यमक पाणघोड्याच्या इंग्रजी नावाशी जुळतं. पण तो खेळ वेळेवर थांबतो.

कानसेन

साच्याचा आरोप 'एक्झॉटिक क्रीचर्स ऑफ द डीप'वर (2008) करा हवं तर, 'हॅलो यंग लव्हर्स'वर नको. 'परफ्यूम' एकट्याने तो आरोप खोडतं. असो, यावर एकमत होणार नाही.

वूफरट्वीटर

शीर्षकात 25 लिहिलंय म्हणून मोजणीचा मुद्दा, नाहीतर पुढे कुणीतरी 24 की 26 यावरून धागा भरकटवणार. 2008 मध्ये लंडनमध्ये या दोघांनी 21 रात्री 21 अल्बम संपूर्ण वाजवले, एका रात्री एक, क्रमाने. 20 इस्लिंग्टनला, आणि शेवटचा, तेव्हा नवा असलेला 'एक्झॉटिक क्रीचर्स', शेफर्ड्स बुश एम्पायरला. म्हणजे 'प्लेजरिझम' धरून तिथवर 21. त्यापुढे स्वीडिश रेडिओसाठी केलेलं 'द सिडक्शन ऑफ इंगमार बर्गमन' (2009), फ्रँझ फर्डिनंडबरोबरचा 'एफएफएस' (2015), 'हिप्पोपोटेमस' (2017) आणि 'अ स्टेडी ड्रिप, ड्रिप, ड्रिप' (2020). झाले 25. 'एफएफएस' वेगळा बँड मानणारे 24 म्हणतात. ज्या अल्बमवर 'एकत्र काम करणं जमत नाही' अशा अर्थाचं जवळपास 7 मिनिटांचं गाणं दोन बँडांनी एकत्र बसून केलंय, तो कुणाच्या खात्यात धरायचा हे तुम्हीच ठरवा. माहितीपटानंतर 'द गर्ल इज क्रायिंग इन हर लाटे' (2023) आणि 'मॅड!' (2025) यांची भर पडली, हे दोन सिनेमात शोधू नका.

रेकॉर्डची_खरखर

त्या 21 रात्रींचा हिशेब सादरीकरणाच्या अंगाने बघा. 'इंट्रोड्यूसिंग'सारख्या अल्बममधली गाणी दशकानुदशकं वाजवलेली नव्हती. ती बसवायची, एका रात्री वाजवायची आणि दुसऱ्या दिवशी सोडून पुढच्या अल्बमची घ्यायची. 'इनडिस्क्रीट'च्या रात्री बिग बँड लागतो आणि 'नंबर वन'च्या रात्री सिक्वेन्सर.

नवखा_कान, एक किरकोळ पण मजेची गोष्ट. माहितीपट पुन्हा लावलात तर रॉनच्या कीबोर्डच्या पाठीवरचं नाव वाचा. कंपनी रोलंड आहे, अक्षरं इकडची तिकडे करून त्याने तिथे 'रॉनल्ड' केलंय.

नवखा_कान

वाचलं. इतका वेळ मी ती कंपनीचीच पाटी समजत होतो. 'लिल बेथोवन' आज दिवे मालवून, क्रॉसफेड शून्यावर, ओळीने. त्यानंतर 'इनडिस्क्रीट', दोन बैठकांत.

आडताल

'इनडिस्क्रीट'च्या आधी 'प्रोपगंडा' घ्या. 'किमोनो'नंतर सहाच महिन्यांत आलेला, ब्रिटनमध्ये 9 व्या क्रमांकावर गेलेला. गॉर्डन गेल्यावर बेसवर इयन हॅम्प्टन आला, त्यामुळे तळ जरा मऊ आहे, पण रसेलच्या आवाजाचे थर इथे पहिल्यांदा एवढे मोकळे सुटतात. 'लिल बेथोवन'मध्ये जे ऐकणार आहात त्याचं मूळ त्या पहिल्या वीस-बावीस सेकंदांत सापडेल.